अर्ज, महजर आणि मत : मराठवाड्याच्या इतिहासलेखनांतील एका गृहीताचा परामर्श

हैदराबाद संस्थानांतील लोकचळवळीचा इतिहास लिहितांना आपल्याकडील बरेच लेखक एक गृहीत जवळजवळ सूत्रासारखें धरून चालतात. तें असें कीं, १९३८ पूर्वीं जें कांहीं झालें तें केवळ अर्ज-विनंत्यांचें दुबळें राजकारण होतें; त्या वर्षींच्या सत्याग्रहापासून खरी चळवळ सुरू झाली; आणि १९४८ च्या सप्टेंबरांत निजामी राजवट संपून पुढें लोकांच्या हातीं मताचा अधिकार आल्यावर अर्जाचें प्रयोजनच उरलें नाहीं. या सूत्राचे तीनही चरण तपासून पाहण्यासारखे आहेत. आमच्या मतें पहिला चरण अर्धसत्य आहे, दुसरा पुष्कळसा खरा आहे, आणि तिसरा सर्वस्वीं चुकीचा आहे. विवेचन मुख्यत्वें नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांपुरतें ठेवलें आहे. अर्ज आणि मत या दोन्ही साधनांचा चांगला व वाईट उपयोग येथें जितका शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतो तितका अन्यत्र क्वचितच मिळेल. लातूर हा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं झाला. त्यापूर्वीं तो उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्याचा भाग होता, आणि उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यांत मोडत. पुढें लातूर म्हटलें असतां आजचा प्रदेश समजावा.

या विषयावरील आधारभूत ग्रंथांत दोन अग्रगण्य आहेत. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या इंग्रजींतील आठवणी १९६७ सालीं प्रसिद्ध झाल्या. त्यानंतर अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा विस्तृत ग्रंथ आला. दोन्ही लेखक लढ्यांतील होते, दोघांनींही तुरुंग भोगला होता, आणि दोघांच्याही लेखणीस त्या अनुभवाचें तेज आहे. ज्यानें सत्याग्रह केला तो सत्याग्रहाचा इतिहास विस्तारानें सांगणार व कचेरीच्या दारांत चार तास उभ्या राहिलेल्या अर्जदाराचा इतिहास थोडक्यांत आटोपणार, हें स्वाभाविक आहे. त्याबद्दल त्यांस दोष देणें कृतघ्नपणाचें होईल. दोष आहे तो त्यांच्या मागून आलेल्या स्मरणिकाकारांचा व तालुक्यातालुक्यांचे इतिहास लिहिणारांचा. त्यांनीं मूळ ग्रंथांतील प्रमाण तेवढें उचललें आणि त्या ग्रंथकारांस जी सावध दृष्टि होती ती मात्र सोडून दिली. उदाहरण उमरीचें घ्यावें. नांदेड जिल्ह्यांतील उमरी म्हटली कीं जानेवारी १९४८ मध्यें तेथील बँकेवर घातलेला छापा प्रत्येकास आठवतो. त्याच उमरीस १९४१ सालीं काशीनाथराव वैद्य यांच्या अध्यक्षतेखालीं महाराष्ट्र परिषदेचें तिसरें अधिवेशन भरलें होतें, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षांतून गेलेली दिसते. बंदुकीचा आवाज दूरवर ऐकूं जातो. ठरावाच्या कागदास आवाज नसतो, एवढेंच याचें कारण.

आतां पहिल्या चरणाकडे वळूं. हैदराबाद संस्थानच्या प्रजेची राजकीय परिषद १९२३ सालीं काकिनाडा येथें, १९२६ सालीं मुंबईस, १९२८ सालीं पुण्यास आणि १९३१ सालीं अकोल्यास भरली. या चारांपैकीं एकही गाव निजामाच्या प्रत्यक्ष अंमलाखालील नाहीं. (अकोला वऱ्हाडांत, आणि वऱ्हाड कागदोपत्रीं निजामाचें; पण १९०२ च्या करारानें तें इंग्रजांकडे कायम पट्ट्यानें गेलेलें होतें. आपल्याच धन्याच्या नांवाच्या पण परक्याच्या ताब्यांतील भूमीवर उभें राहून धन्यास गाऱ्हाणें ऐकवावें लागे, ही स्थिति मोठी बोलकी आहे.) संस्थानांत सभा भरवावयाची तर ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकान्वयें आगाऊ परवानगी घ्यावी लागे. १९३७ सालीं परतूर येथें गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखालीं महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन झालें, तें अशाच अटींच्या कुंपणांत. दुसरें अधिवेशन १९३८ सालीं लातूर येथें श्रीनिवासराव शर्मा यांच्या अध्यक्षतेखालीं झालें व तेथेंच स्वामीजींकडे परिषदेचें चिटणीसपद आलें. त्याच वर्षीं स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वींच तिच्यावर बंदी आली आणि २४ ऑक्टोबरास सत्याग्रहास आरंभ झाला. ती बंदी १९४६ पर्यंत उठली नाहीं.

याच हकीकतीवरून अर्जाच्या दुबळेपणाचा निष्कर्ष काढण्यांत येतो. आम्हांस त्याच्या नेमका उलट निष्कर्ष निघतो असें वाटतें. अर्ज हें साधन जर इतकें निरुपद्रवी होतें तर सरकारनें सभांवर कुंपण कां घालावें? एकट्या रयतेचा अर्ज कोणत्याच सरकारास कधीं जड गेलेला नाहीं. बैल कोंडवाड्यांत अडकला, सारा चुकीचा लागला, पटवाऱ्यानें पावती दिली नाहीं, असलें गाऱ्हाणें घेऊन कोणीही तहसिलींत जावें. अर्जनवीस आपली मजुरी घेऊन तें उर्दूंत उतरून देई, आणि साहेबांची मर्जी असली तर दादही लागे. तो अर्ज एकट्याचा असल्यामुळें त्याचें उत्तर कृपेच्या स्वरूपांत देतां येत असे. पन्नास गावांनीं एकाच मजकुराखालीं सह्या केल्या कीं कृपेस जागा उरत नाहीं. तेथें हक्काचा प्रश्न उपस्थित होतो. सभेस परवानगी लागे ती भाषणाच्या भीतीनें जितकी, तितकीच ठरावाच्या भीतीनें. कारण ठराव हा दुसरेंतिसरें कांहीं नसून सामुदायिक अर्जच होय. तेव्हां सत्याग्रहास जो प्रसंग आला तो अर्जाचें साधन निरुपयोगी होतें म्हणून आला असें म्हणण्यापेक्षां, तें साधन लोकांच्या हातून काढून घेतलें म्हणून आला, असें म्हणणें अधिक यथार्थ होईल. सत्याग्रहींची आरंभींची मुख्य मागणीही संघटनेवरील बंदी उठावी व नागरिकत्वाचे हक्क मिळावे हीच होती. म्हणजे मागण्याचा हक्क मागणें हेंच त्या लढ्याचें पहिलें स्वरूप होतें.

येथें शब्दांचा थोडा विचार अप्रस्तुत होणार नाहीं. अर्ज हा शब्द अरबी असून समोर ठेवणें, मांडणें हा त्याचा मूळ भाव आहे. महजर हाही अरबीच. हजर या शब्दाशीं त्याचें सख्खें नातें आहे. जे हजर होते त्यांच्या साक्षीनें झालेला लेख तो महजर. संस्कृतांतील विज्ञप्ति व विज्ञापना हे शब्द ज्ञा धातूच्या प्रयोजक रूपापासून आलेले, त्यांचा अर्थ कळविणें, जाणविणें एवढाच. यांपैकीं एकाही शब्दांत याचना नाहीं. याचना शिरली ती मागाहून, दरबारी रिवाजामुळें. आणि इंग्रजी अमदानींतील शाळांनीं ‘कृपाभिलाषी’, ‘आज्ञाधारक’ असले शब्द अर्जाच्या शेवटीं घोटवून घेऊन ती पक्की केली. मुलांना रजेचा अर्ज शिकवितांना हे शब्द शिक्षकवर्गानें अजूनही सोडलेले नाहींत, ही गोष्ट त्याच वर्गांतील एकानें लिहावी हें योग्यच आहे.

अर्जाचें शास्त्र आपल्या भूमींत नवें नाहीं. याज्ञवल्क्याच्या व्यवहाराध्यायांत ज्याला पीडा झाली त्यानें राजास निवेदन करावें, येथूनच व्यवहाराचा आरंभ मानलेला आहे. त्यावरील मिताक्षरा टीका लिहिणारा विज्ञानेश्वर हा कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयास होता. तें कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण, निलंग्याच्या शेजारचें. या टीकेंत निवेदन कोणत्या दोषांमुळें टाकाऊ ठरतें याची मोठी मार्मिक चर्चा आहे. ज्या वस्तूचें अस्तित्वच नाहीं तिच्याबद्दलची तक्रार, ज्यांत तक्रारदारास पीडाच नाहीं अशी तक्रार, निरर्थक तक्रार, निष्प्रयोजन तक्रार, सिद्ध होऊं न शकणारी तक्रार, आणि परस्परविरुद्ध तक्रार, हे ते दोष. पीडा नसलेल्या तक्रारीचें उदाहरण पाहण्यासारखें आहे : माझ्या घरांतल्या दिव्याच्या उजेडावर शेजारी आपल्या घरांत आपलें काम उरकून घेतो, असें गाऱ्हाणें घेऊन कोणी आला तर राजानें तें ऐकूं नये. हें उदाहरण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

मराठेशाहींतील महजराचा अभ्यास राजवाड्यांनीं छापलेल्या साधनांमुळें शक्य झाला व वि. त्र्यं. गुणे यांनीं मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ च्या इंग्रजी ग्रंथांत तो पद्धतशीर केला. वतनाच्या तंट्यांत गोत बसे, पुरावा होई, आणि जो निर्णय ठरे त्याच्या महजरावर हजर असलेल्या सर्वांच्या साक्षी पडत. ज्यांस लिहितां येत नसे ते आपल्या धंद्याची निशाणी काढीत. पाटलाचा नांगर तर या कागदांत पदोपदीं भेटतो. आमच्या समजुतीप्रमाणें या निशाणीचें महत्त्व पुरेसें ओळखलें गेलेलें नाहीं. निरक्षर मनुष्याचें मत लेखांत यावें आणि तें त्याचेंच आहे हें कोणासही नाकारतां येऊं नये, याची ती व्यवस्था होती. १९५२ सालीं जेव्हां प्रौढ मताधिकाराची पहिली निवडणूक झाली तेव्हां प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असून तिच्यावर त्याचें चिन्ह लावलेलें असे, आणि मतदारानें कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटींत टाकावयाची असे. काँग्रेसची बैलजोडी तेव्हांपासूनची. निशाणी पुन्हां आली खरी. परंतु तिचें स्थान बदललें. महजरावरील नांगर हा सही करणाराचा असे; पेटीवरील बैलजोडी ही सही मागणाराची होती. महजरांत मत उघड असे व त्याची जबाबदारी मत देणारावर राही. पेटींत तें गुप्त झालें, आणि हजर असलेल्या पाटलाच्या किंवा सावकाराच्या डोळ्यांपासून तें सुटलें. या दुसऱ्या लाभाचें मोल गावगाड्यांत ज्यांस गोतांत बसावयासच मिळत नसे त्यांस विचारावें. गोतसभेस प्राचीन लोकशाही म्हणून गौरविणाऱ्या लेखकांचें आम्हांस जें आश्चर्य वाटतें तें याच ठिकाणीं. बौद्ध संघांतील शलाकांचें मतग्रहण किंवा उत्तरमेरूरच्या चोळ शिलालेखांतील चिठ्ठ्यांची निवड यांविषयीं हेंच म्हणतां येईल : पद्धति उत्कृष्ट, पण पंक्ति मर्यादित.

अर्ज व मत हीं दोन निराळ्या युगांचीं साधनें नसून एकाच वेलीचीं फळें आहेत हें पाहावयाचें असल्यास पुण्याकडे पाहावें. मुंबईच्या बाँबे असोसिएशननें १८५२ सालीं पार्लमेंटाकडे अर्ज केला तो प्रतिष्ठित नागरिकांच्या नांवानें. परंतु २ एप्रिल १८७० रोजीं सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हां सभासदानें निदान पन्नास लोकांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें असा नियम होता. सरकारकडे अर्ज करणारास, तूं कोणाच्या वतीनें बोलतोस, हा प्रश्न सरकार विचारणारच. त्याचें उत्तर गणेश वासुदेव जोशी व त्यांचे सहकारी यांनीं आधींच बांधून ठेवलें होतें. तें मुखत्यारपत्र ही अर्जावरचीच सही, पण तिचें मतांत रूपांतर झालेलें. सरकारनें मताधिकार देण्यापूर्वीं लोकांनीं तो आपसांत निर्माण केला, असा याचा अर्थ होतो. मराठवाड्यास ही पायरी मिळाली नाहीं. तेथें परिषद आली ती सदुसष्ट वर्षांनंतर, परवानगीच्या अटींवर. आणि मत आलें तें त्याहूनही विचित्र रूपांत.

तें रूप असें. अरवमुदु अय्यंगार समितीच्या अहवालावरून निजाम सरकारनें जुलै १९३९ मध्यें सुधारणा जाहीर केल्या. पंच्याऐंशी सभासदांचें कायदेमंडळ. त्यांत निवडून यावयाचे बेचाळीस. मतदारसंघ संयुक्त, परंतु ते गावाचे किंवा तालुक्याचे नव्हेत, तर धंद्याचे व हितसंबंधांचे : जहागीरदार, जमीनधारक, व्यापारी, वकील इत्यादि. शिवाय निवडून आलेल्यांत हिंदु व मुसलमान यांची संख्या समान. लोकसंख्येंत मराठी बोलणारेच संस्थानांत चतुर्थांशाच्या आसपास होते; पण नांदेडचा किंवा लातूरचा म्हणून मतदार या योजनेंत नव्हताच. राहत्या भूमीचें गाऱ्हाणें मांडणारा कोणी नाहीं, आपल्या धंद्याचें मांडणारा मात्र आहे, अशी ही रचना. अंमलबजावणी युद्धामुळें लांबली, आणि १९४६ च्या निवडणुकीवर स्टेट काँग्रेसनें बहिष्कार घातला. हा बहिष्कार कित्येकांस केवळ नकारात्मक वाटतो. आम्हांस तो मतदानाचाच एक प्रकार वाटतो. कारण वाईट रीतीनें घडविलेलें मत नाकारण्यासाठीं चांगलें मत कसें असावें याची कल्पना मनांत स्पष्ट असावी लागते, आणि ती कल्पना त्या आधींच्या वीस वर्षांच्या ठरावांनीं, म्हणजे अर्जांनींच, तयार केलेली होती.

आतां तिसरा चरण. १९५२ सालीं हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांसाठीं निवडणूक झाली, काँग्रेसला ९३ मिळाल्या, बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले. आतां मत आहे, मग अर्ज कशास, असें ज्यांस वाटतें त्यांनीं संविधानाचें ३५० वें कलम वाचावें. गाऱ्हाण्याचें निवेदन संघांत किंवा राज्यांत वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेंत देण्याचा हक्क त्या कलमानें प्रत्येक व्यक्तीस दिलेला आहे. अर्जनविसाकडून उर्दू मजकूर लिहवून घेणाऱ्या निरक्षर कुणब्यास या कलमाचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागला नसता. संविधानकारांनीं मताधिकाराचें ३२६ वें कलम लिहिलें म्हणून हें कलम गाळलें नाहीं, दोन्ही ठेवलीं.

मताचे वर्म ‘मतदान’ या शब्दानेंच झाकलें गेलें आहे असें आमचें फार दिवसांचें मत आहे. धर्मशास्त्रांत दान म्हणजे एखाद्या वस्तूवरील स्वतःचें स्वत्व सोडून तेथें दुसऱ्याचें स्वत्व उत्पन्न करणें. दिलेलें दान परत घेतां येत नाहीं, त्याचा हिशोब विचारतां येत नाहीं. मत हें असें दान मुळींच नव्हे. प्रतिनिधि हा शब्द मात्र चांगला पडला आहे. तो कोठून आला याची जाणीव राहिली नाहीं एवढेंच. जैमिनीच्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत प्रतिनिधीचा सविस्तर विचार आहे. द्रव्यास प्रतिनिधि चालतो. देवतेस, अग्नीस, मंत्रास चालत नाहीं. आणि यजमानासही चालत नाहीं. अपवाद एकच : सत्रांत अनेक यजमान असतात, त्यांतील एक मेला तर संख्या भरण्यासाठीं दुसरा घ्यावा. परंतु तो आलेला मनुष्य यजमान होत नाहीं, कर्म करणारा म्हणूनच राहतो, आणि यज्ञाचें फळ त्याला मिळत नाहीं. विधानसभेचा सभासद हा या अर्थानेंच प्रतिनिधि आहे. ही मीमांसा आमच्या लोकप्रतिनिधींस कितपत रुचेल हा प्रश्न वेगळा.

मताचा प्रभाव या भागांत दिसला नाहीं असें नाहीं. १९७७ सालीं नांदेडनें केशवराव धोंडगे व लातूरनें उद्धवराव पाटील अशा दोन शेतकरी कामगार पक्षाच्या उमेदवारांस एकाच वेळीं लोकसभेवर पाठविलें. १९९५ सालीं लातूर विधानसभा मतदारसंघानें विलासराव देशमुखांस पराभूत केलें, आणि १९९९ सालीं त्यांस परत निवडून दिलें. ते त्याच वर्षीं मुख्यमंत्री झाले. २००४ सालीं शिवराज पाटील चाकूरकर लातूर येथें पराभूत झाले व त्याच महिन्यांत केंद्रांत गृहमंत्री झाले. मत काय करूं शकतें आणि काय करूं शकत नाहीं, दोन्ही एकाच घटनेंत दिसतात. २० नोव्हेंबर २०२४ रोजीं नांदेडच्या मतदारानें दोन मतें एका खेपेस दिलीं : लोकसभेच्या पोटनिवडणुकींत काँग्रेसचा उमेदवार १,४५७ मतांनीं निवडून आला, आणि त्याच मतदारसंघांतील सहाही विधानसभा जागा महायुतीस मिळाल्या. मतदार अडाणी असतो, म्हणेल तेथें शिक्का मारतो, असें म्हणणारांनीं या आंकड्यांचा उलगडा करावा.

तथापि मत पांच वर्षांतून एकदां बोलतें, आणि तेंही नांव घेऊन. विषय घेऊन बोलत नाहीं. विषय अर्जानेंच बोलावा लागतो. भाषावार प्रांतरचनेच्या वेळीं फाजल अली आयोगाकडे १,५२,२५० कागद आले, परंतु नीट विचारपूर्वक लिहिलेलीं निवेदनें त्यांत सुमारें दोन हजारच होतीं. उरलेल्यांत तारा, ठराव व ठराविक साच्याचे कागद यांचाच भरणा होता. दीड लाखांपैकीं दोन हजार! मिताक्षराकारानें सांगितलेले दोष टाळणें किती कठीण असतें याचा हा विसाव्या शतकांतील पुरावा. या पुनर्रचनेंत १९५६ सालीं किनवट नांदेडकडे आलें, मुधोळ गेलें, उदगीर-निलंगा-अहमदपूर बिदरहून निघाले. मतपेटीनें हें केलें नव्हतें.

मराठवाड्याच्या विकासाच्या मागणीची कथा अधिक शिकविणारी आहे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराचें मूल्य अर्जाहून अधिक व कायद्याहून कमी होतें. त्यांतील आश्वासनास १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनें ३७१ (२) या कलमाचें रूप मिळालें. कलम कागदावर राहिलें. १९७४ चें विकास आंदोलन झालें, दांडेकर समितीनें १९८४ सालीं अनुशेष मोजून दाखविला, गोविंदभाई श्रॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निवेदनांचा पाठपुरावा चालूच ठेवला, आणि वैधानिक विकास मंडळ १९९४ सालीं, म्हणजे कलमानंतर अडतीस वर्षांनीं आलें. ३० एप्रिल २०२० रोजीं त्याची मुदत संपली. गोविंदभाईंच्या निवेदनांचा विशेष हा कीं त्यांत विशेषणांपेक्षां आंकडे अधिक असत. उच्च न्यायालयाचें खंडपीठ औरंगाबादेस २७ ऑगस्ट १९८१ रोजीं सुरू झालें, तेंही वकिलांच्या व नागरिकांच्या दीर्घ मागणीनंतर.

दुसऱ्या बाजूची एक गोष्ट टाळून चालणार नाहीं. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव देण्याचा ठराव विधिमंडळानें जुलै १९७८ मध्यें केला. लोकांची मागणी झाली, प्रतिनिधींचें मत पडलें, दोन्ही साधनें यथाविधि वापरून झालीं. आणि नांदेडसह मराठवाड्याच्या गावोगावीं दलित वस्त्यांवर हल्ले होऊन ठराव अंमलांत येण्यास १४ जानेवारी १९९४ उजाडलें. त्याच वर्षीं १७ सप्टेंबरास नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नांवाचें विद्यापीठ स्थापन झालें. मुक्तिसंग्रामाच्या आमच्या इतिहासांचा शेवट १९४८ मध्यें होतो. मागणाराला मागूं न देण्याची वृत्ति त्या वर्षीं संस्थानाबरोबर गेली नव्हती, हें त्यांस म्हणूनच लिहावें लागत नाहीं.

आतां दिव्याचें उदाहरण. २००९ सालीं नांदेड येथें स्वतंत्र महसुली आयुक्तालय करण्याचा निर्णय झाला. लातूरनें कडाडून विरोध केला. प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें. दोन्ही शहरांतून निघालेल्या निवेदनांचा जो सूर सार्वजनिक झाला त्यांत निलंग्याच्या किंवा किनवटच्या शेतकऱ्यास अपिलासाठीं किती लांब जावें लागतें हा खरा मुद्दा होता. पण तो शहराच्या मानापमानाखालीं दबून गेला. शेजाऱ्याच्या घरीं दिवा लागला ही पीडा नव्हे. आपल्या घरीं अंधार राहिला ही पीडा होय, आणि अर्ज तिचाच असावा. याउलट धर्माबाद तालुक्यांतील कांहीं सरपंचांनीं २०१८ सालीं, आमचीं गावें तेलंगणांत घाला, अशी मागणी केली. ती पुष्कळांस उद्धट वाटली. आम्हांस ती शास्त्रशुद्ध वाटते : पीडा प्रत्यक्ष, तुलना शेजारच्या गावाशीं, प्रयोजन स्पष्ट. तिच्यांतील धमकी ही अलंकार म्हणून सोडून द्यावी.

संशोधकांसाठीं दोन शब्द लिहून हा परामर्श थांबवितों. निजामी काळांतील कागद बव्हंशीं उर्दूंत व घसटीच्या अक्षरांत आहेत; हैदराबादेस तारनाका येथील दफ्तरखान्यांत त्यांचा मोठा संग्रह आहे, आणि ती लिपि सहज वाचणारे आपल्या जिल्ह्यांत आतां थोडेच उरले आहेत. सामुदायिक अर्ज सांपडल्यास केवळ मजकूर उतरून घेऊं नये. सह्या, निशाण्या, अंगठे मोजावे, गावें वेगळीं काढावीं, आणि कागदाच्या पाठीवरील शेरे अवश्य उतरावे, कारण अर्ज कोणत्या मेजावर किती दिवस पडून राहिला हें तेथेंच कळतें. तारखा फसली असतात. हैदराबादचें फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभीं, सुरू होतें. म्हणून आजूरपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखांच्या सनांत ५९० आणि त्यापुढील तारखांच्या सनांत ५९१ मिळवावे. सरसकट एकच आंकडा मिळविला तर सभेपूर्वींचा अर्ज सभेनंतरचा ठरतो.